तीन गावं, एक पाळक: सुरुवात कुठून करू?

नवीन पाळक
सर्वांना सलाम. पुण्यात सेमिनरी संपवून शेवगाव-पाथर्डी पट्ट्यातल्या तीन छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांवर पाळक (पास्टर) म्हणून आलोय. एका गावात जुनं दगडी देऊळ, म्हणजे चर्च आहे, बाकी दोन ठिकाणी कुणाच्या तरी ओसरीवर उपासना. रविवारी सकाळी दहाला चार बाया आणि पोरं. प्रवचन मन लावून तयार करतो, पण ऐकायला माणसं नाहीत. त्यात दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला गेली. जाणत्यांनी सांगावं.

निवृत्त पाळक, नगर
भाऊ, सलाम. आधी दहाची वेळ सोडा. कापूस वेचणीत बाया उजाडताच रानात जातात. मोटारीची लाईट रात्रीची असली की गडी पहाटेपर्यंत पिकाला पाणी देत दारं धरून आलेला असतो. लाईटीची पाळी बदलत राहते, ती विचारून मग वेळ ठरवा. मी दिवेलागणीनंतर ठेवायचो. पण ठरवायचं ते मंडळीच्या पंचांना घेऊन. या भागातल्या बऱ्याच मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. चारचौघांनी बसून ठरवायची सवय मात्र मिशनच्या काळापासूनची आहे.

प्रवचन पंधरा मिनिटांत आटपा, भजनाला वेळ द्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच जिल्ह्यात राहून ख्रिस्ती पदं रचली. अक्षरओळख नसलेल्या आज्यांना टिळकांची पदं तोंडपाठ असतात. पेटी नसली तरी टाळ पुरतात.

आता ऊसतोड. गेलेल्या घरांची नावं वहीतून काढू नका. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर घ्या, टोळी कुठल्या कारखान्यावर आहे ते विचारा. नाताळ नेमका गाळपाच्या भरात येतो. मी त्या आठवड्यात तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर जायचो. फडातून गाडी भरून माणसं परतली, चुली पेटल्या, की तिथंच एक वाचन, एक भजन, प्रार्थना. अर्ध्या तासात उठायचं, पहाटे त्यांना पुन्हा कोयता धरायचा असतो. निघण्याआधी गावात फिरून निरोप गोळा करा. एका आजीनं माझ्याजवळ नातवाचा शाळेचा दाखला आणि फडक्यात बांधलेली शेंगदाण्याची चटणी दिली होती. आईनं दाखला कंदिलाजवळ धरून पोराचं नाव दोनदा वाचलं. अशा घरात तुमचं प्रवचन पुढं वर्षभर ऐकलं जातं.

मंडळीतली सून
पाळकसाहेब, एक सांगते. मागं राहिलेली पोरं आजी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात असतात. रविवारची शाळा बंद पडू देऊ नका. आणि मयत झालं तर मातीपुरतं येऊन जाऊ नका, आठ दिवसांनी परत या. तेव्हा घरात कुणी नसतं.

नवीन पाळक
मनापासून आभार. पंचांना शनिवारी बोलावलंय. एक टोळी निपाणीकडे आहे, मुकादमाशी बोललो, या म्हणाला. माझी पाळकपदाची दीक्षा अजून व्हायची आहे, म्हणजे प्रभुभोजन मला देता येणार नाही. शेजारच्या मंडळीचे रेव्हरंड सोबत येतील का, ते आज विचारतो.

निवृत्त पाळक, नगर
ते नाही आले तर मला फोन करा. गुडघे दुखतात, पण गाडीत बसवतं.