सफरचंदाचा आठवडा: बालवर्गासाठी खेळ आणि उपक्रम सुचवावेत

प्रश्न: बालवर्गाची ताई

नमस्कार. मी साडेतीन ते साडेचार वर्षांच्या १८ मुलांचा वर्ग घेते. लवकरच आम्ही एक पूर्ण आठवडा सफरचंद या एकाच विषयाला देणार आहोत. रंग भरण्याची चित्रे, सफरचंदाच्या आकाराचे कागदी तुकडे, ठिपके जोडण्याचे कागद असे बरेच साहित्य मी जमवले आहे. परंतु मागच्या वेळचा अनुभव आठवला की मन साशंक होते. तेव्हाही असेच कागद दिले होते. बहुतेक मुलांनी दहा मिनिटांत लाल रंग फासून कागद बाजूला ठेवला आणि एका मुलीने जवळ येऊन विचारले, "ताई, ह्याच्या आत बी कुठे आहे?" माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

माझ्या अडचणी दोन आहेत. वर्गातील काही मुले वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणतात, मात्र "टोपलीतली पाच सफरचंदे मला दे" असे म्हटले की हाताला येतील तेवढी उचलून माझ्यापुढे ठेवतात. त्यांच्यासाठी कोणते खेळ घ्यावेत? आणि दुसरे म्हणजे, प्रत्यक्ष फळ वर्गात आणले तर कापणे, खाणे आणि सांडलवंड हे सारे १८ मुलांबरोबर कसे सांभाळावे?

उत्तर १: रोपवेडा

ताई, त्या मुलीच्या प्रश्नापासूनच आठवड्याची सुरुवात करा. पहिल्या दिवशी एकही कागद काढू नका. चार-पाच मुलांच्या गटाला एक सफरचंद द्या आणि ते नुसते हाताळू द्या. वास घेणे, सालीवरून बोट फिरवणे, देठाजवळच्या खळग्यात बोट घालून पाहणे यातच बराच वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. देठाच्या विरुद्ध टोकाला जो वाळका, करडा झुपका असतो, तो मात्र मुद्दाम भिंगातून दाखवा. ते फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांचे अवशेष आहेत आणि झुपका तुटलेला नसेल तर तेथे पाच बारीक टोके मोजता येतात. सफरचंदाच्या फुलाला पाकळ्याही पाचच असतात. फुलाचे मोठे चित्र शेजारी ठेवले की हे फळ आधी फूल होते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर कापण्याची पाळी येते. पण कापण्यापूर्वी आत काय असेल याचे चित्र प्रत्येकाला काढू द्या. मग आपण नेहमी देठापासून खाली उभे कापतो तसे न कापता, सफरचंद आडवे करून बरोबर मध्यावर कापा. दोन अर्धे भाग वेगळे केले की मधोमध पाच टोकांचा तारा दिसतो. ताऱ्याचे प्रत्येक टोक म्हणजे बियांचा एक कप्पा. एका कप्प्यात साधारणपणे दोन बिया असतात, परंतु परागीभवन अपुरे झाले असेल तर एखादा कप्पा रिकामाही राहतो, त्यामुळे दोन सफरचंदांतील बियांची संख्या सारखीच निघेल असे नाही. बिया न धरलेल्या बाजूने फळ कधी कधी कमी फुगते. तुम्हाला एखादे वाकडे सफरचंद मिळाले तर ते आवर्जून वर्गात न्या आणि कोणत्या बाजूच्या कप्प्यात बी कमी आहे ते मुलांना शोधू द्या.

दुसरा उपक्रम पाण्याचा. घमेल्यात पाणी घ्या, एका हातात सफरचंद आणि दुसऱ्या हातात त्याहून लहान दगड धरा, आणि "कोण बुडेल?" असे विचारा. मोठी वस्तू बुडते अशी या वयाच्या पुष्कळ मुलांची समजूत असते. सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे चौथा हिस्सा हवेचा असल्यामुळे ते तरंगते. हे कारण सांगितले नाही तरी चालेल, पण प्रत्येक मुलाचा अंदाज आधी ऐकून घेणे आवश्यक आहे.

उत्तर २: अंकमित्र

अंक म्हणता येणे आणि वस्तू मोजता येणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, त्यामुळे त्या मुलांची काळजी करू नये. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची पाच तत्त्वे मांडली. एका वस्तूला एकच अंक द्यायचा, अंकांचा क्रम बदलायचा नाही, शेवटी उच्चारलेला अंक हीच साऱ्या समूहाची संख्या असते, कोणत्याही वस्तू मोजता येतात आणि मोजणी कोणत्याही टोकापासून सुरू केली तरी उत्तर तेच येते. तुमची मुले बहुधा तिसऱ्या पायरीवर अडली आहेत. "पाच" हा त्यांच्यासाठी चारनंतर येणारा शब्द आहे. तो साऱ्या गटाचे नाव अजून झालेला नाही.

यासाठी माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेला खेळ असा आहे. पुठ्ठ्याच्या झाडावर दहा रिकामी वर्तुळे काढावीत आणि जाड पुठ्ठ्याच्या, मुलाच्या तळहाताएवढ्या लाल चकत्या कराव्यात. फाशावर एक, दोन आणि तीन एवढेच ठिपके ठेवावेत, कारण तीनपर्यंतची संख्या मुले न मोजता एका नजरेत ओळखू शकतात. फासा टाकायचा, तेवढी सफरचंदे झाडावर लावायची, आणि प्रत्येक वेळी ताईने एकच प्रश्न विचारायचा: "आता झाडावर किती झाली?" मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले तर मोजू द्यावे. काही दिवसांनी तेच मूल मोजून झाल्यावर थांबून "सहा" असे ठामपणे सांगते. मग "वारा आला" म्हणून दोन चकत्या खाली पाडाव्यात, किंवा झाडावर कापड टाकून आत किती उरली असतील ते विचारावे.

रोपवेडा यांनी सांगितलेल्या बियांचाही येथे चांगला उपयोग होतो. प्रत्येक गटाने आपल्या फळातील बिया कागदी पट्टीवर एकाखाली एक चिकटवाव्यात, दोन बियांमधले अंतर सर्वांनी सारखे ठेवावे आणि पट्ट्या शेजारी-शेजारी लावाव्यात. कोणाची पट्टी लांब हे न मोजताही दिसते. अंक गिरवण्याचे कागद या आठवड्यात नकोत असे माझे स्पष्ट मत आहे; हाताला अंकाचे वळण लागले म्हणून संख्येची जाण येत नाही.

उत्तर ३: दोन मुलांची आई

वरील दोन्ही उत्तरे आवडली, पण खाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा चार वर्षांचा होण्याआधी वर्गातल्या अशाच एका कार्यक्रमात त्याला सफरचंदाचे जाड चौकोनी तुकडे दिले होते. तो खेळता खेळता खात होता आणि तुकडा घशात अडकला. बाईंनी वेळेवर पाठीवर थाप्या देऊन तो बाहेर काढला, म्हणून निभावले. कच्चे सफरचंद कडक असते आणि चार वर्षांखालील मुलांना ते दाढांनी नीट चावता येतेच असे नाही. त्यामुळे फोडी कागदासारख्या पातळ कराव्यात, किंवा फळ किसून अथवा वाफवून मऊ करून द्यावे, आणि मुले बसलेली असतानाच द्यावे. पळता-पळता किंवा हसता-हसता खाणे नको.

बिया मुलांच्या हाती दिल्यावर त्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या. बियांमध्ये अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते आणि बी चावली गेली तर त्यापासून सायनाइड तयार होऊ शकते. एखादी बी अख्खी गिळली गेली तर घाबरण्याचे कारण नसते, पण लहान मुले बिया नाकात घालतात, हे विसरू नये. पाण्यात तोंड घालून सफरचंद पकडण्याचा खेळ या वयाला मुळीच घेऊ नका; थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते. घमेल्यातील पाणी प्रयोग संपताच ओतून टाकावे. काही मुलांना कच्च्या सफरचंदाने ओठांना किंवा घशात खाज सुटते, म्हणून पालकांना आधी विचारून घ्यावे.

उत्तर ४: शब्दांची शाळा

भाषेच्या दृष्टीने हे फळ आपल्या मराठीत फारच सोयीचे आहे. तो देठ आणि तो गर, ती साल आणि ती बी, ते पान आणि ते सफरचंद: तिन्ही लिंगे एकाच वस्तूत सापडतात. पिशवीत हात घालून एक भाग काढायचा आणि त्याला शब्द जोडायचा: पांढरा गर, तांबडी साल, हिरवे पान. "तांबडा साल" म्हणणारे मूल शेजाऱ्याचे ऐकून स्वतःच दुरुस्ती करते, आपण टोकण्याची गरज पडत नाही.

ठसेकामाविषयी एक सूचना. कापलेल्या बाजूचा रस कापडाने टिपून ती दहा मिनिटे उघडी ठेवावी आणि रंग घट्टच घ्यावा, अन्यथा ताऱ्याऐवजी नुसता डाग उमटतो. खाण्याची वस्तू रंगात बुडवणे मनाला पटत नसेल, तर मार लागलेले फळच ठशांसाठी घ्यावे. दोन फोडी उघड्या ठेवून त्यांपैकी एकीला लिंबाचा रस लावण्याचा प्रयोगही करावा. हवेतील ऑक्सिजन आणि गरातील विकर (एन्झाइम) यांच्यामुळे साधी फोड तांबूस पडते, लिंबू लावलेली बराच वेळ पांढरी राहते. विकर हा शब्द मुलांना सांगू नये. "हवा लागली" एवढे पुरे.

बालवर्गाची ताई

सर्वांचे मनापासून आभार. आठवडा पार पडला. रंगवण्याचे कागद मी कपाटातच ठेवले. फळे मी स्वतः कापली आणि एका वेळी पाचच मुले मेजाभोवती बसवली, बाकीची मुले सहकारी शिक्षिकेकडे होती. पहिल्या दिवशीचे ठसे बिघडले, कारण रस टिपायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी तारा स्वच्छ उमटला. चार गटांच्या बिया सात, दहा, आठ आणि पाच निघाल्या, आणि पाचच्या पट्टीच्या गटाने आमचे सफरचंद "उपाशी" होते असे जाहीर केले. वाऱ्याचा खेळ मुले रोज मागतात. "पाच दे" यावर अजून तीन मुले मूठभरच देतात, त्यांच्यासाठी तो पुढेही सुरू ठेवीन.

आता नवा प्रश्न आहे. शेवटच्या दिवशी मी एक सफरचंद नेहमीसारखे उभे कापले. बी विचारणाऱ्या त्याच मुलीने दोन्ही अर्धे भाग हातात घेऊन पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले आणि म्हणाली, "ह्यात तारा आहे, पण तो आपल्याकडे बघत नाहीये." उभा आणि आडवा छेद हाच विषय घेऊन या वयासाठी आणखी काय करता येईल, ते कृपया सुचवावे.