'डेप्रिकेटेड'ला मराठीत काय म्हणायचं? (आणि 'निघालं' म्हणजे आलं की गेलं?)

पाटीपेन्सिल:
मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्याकडे जँगोवर (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) चालणारं एक जुनं काम आहे, त्याच्या ३.२ आवृत्तीवर होतं, ते आता ५.२ वर न्यायचं चाललंय आणि त्याबरोबर नव्या पोरांसाठी मी मराठीत लिहिलेल्या नोट्सपण सुधारायला घेतल्यात. पोरं सांगली-मिरजेकडची, इंग्रजी वाचतात पण अडखळत, मराठीत असलं की पटकन डोक्यात शिरतं. बाकी शब्दांचं फारसं अडत नाही, व्ह्यूला व्ह्यू आणि मॉडेलला मॉडेलच म्हणते, कोणी रागावू नये. पण 'डेप्रिकेटेड'ला मी तेव्हा 'कालबाह्य' लिहून ठेवलं होतं आणि त्यानेच घात केला.

झालं असं, की नोट्समध्ये ओळ होती, "यूआरएल() हे फंक्शन कालबाह्य आहे, पाथ() किंवा री_पाथ() वापरा." (साइटचा कुठला पत्ता कुठल्या कोडकडे जाईल ते सांगणारी ही फंक्शनं.) एका पोराने वाचलं, कालबाह्य म्हणजे चालत नसणार, म्हणून मुद्दाम करून बघितलं तर मस्त चाललं. ३.२ मध्ये चालणारच की. मग त्याने प्रिंटाउटवर त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं 'चालतंय की!!' आणि तीच प्रिंट झेरॉक्स होऊन पुढच्या बॅचला गेली. परवा ५.२ टाकलं तर सर्व्हर उठेचना, इम्पोर्ट एरर. यूआरएल() ३.१ पासून डेप्रिकेटेड होतं आणि ४.० मध्ये काढूनच टाकलं. अख्खा एक दिवस नुसतं शोधा-बदला करण्यात गेला आणि चूक पोराची नाही, माझ्या शब्दाची आहे.

तर मला असा शब्द हवाय ज्यातून कळेल की आज चालतंय, पण नव्या कोडमध्ये घालू नका, आणि जुनं असेल तर अमुक आवृत्तीच्या आत बदला. सुचवा.

कोडगा:
डेप्रिकेटेडच लिहा ना ताई, व्ह्यू चालतो तर डेप्रिकेटेड का नाही. मराठी शब्द काढाल आणि मग पोरांना एरर मेसेज वाचताना परत इंग्रजीच शोधावा लागेल.

तुमच्या पोराला आणखी एक गोष्ट नडली असणार. जँगोत एखादी गोष्ट डेप्रिकेट केली की ती वापरल्यावर वॉर्निंग निघते खरी, पण पायथन त्या वॉर्निंगा बहुतेक वेळा गिळून टाकतो, दिसतच नाहीत. पायथनला 'डॅश डब्ल्यू ए' देऊन टेस्ट चालवल्या की सगळ्या भडाभडा बाहेर येतात. जँगोवालेपण हेच सांगतात, की आधी आहे त्या आवृत्तीवर वॉर्निंगा संपवा आणि मग वर जा. ३.२ वरून थेट ५.२ उडी मारली तर ४.० ने काय काय कापलं ते वाटेत दिसतच नाही. म्हणजे दुखणं एकट्या 'कालबाह्य'चं नाही.

पाटीपेन्सिल:
ते मान्य, टेस्ट चालवल्याच नव्हत्या. 'डेप्रिकेटेड' तसंच ठेवून बघितलंय पण. विचारलं तर एकाने अर्थ सांगितला 'डेटाबेसमधलं काहीतरी', दुसरा म्हणाला 'डुप्लिकेट'.

शुद्धमती:
कालबाह्य म्हणजे ज्याचा काळ होऊन गेला ते. ते आज चालत नाही किंवा चाललं तरी हसू होतं. औषधावर असतं ते मुदतबाह्य. हे दोन्ही शब्द 'झालं, संपलं' असं सांगतात. तुम्हाला 'संपणार आहे' सांगायचंय, आणि मराठीत या दोन अवस्थांना वेगवेगळे तत्सम शब्द सहज मिळत नाहीत, खरी अडचण ती आहे.

मूळ लॅटिनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ प्रार्थना करून एखादी गोष्ट टळो असं मागणं. म्हणजे आपलं 'नको रे बाबा'. नापसंती आहे, बंदी नाही.

उदाहरण हवं असेल तर नोटांचं घ्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या त्या बाद झाल्या, दुसऱ्या दिवशी दुकानदार घेईना. पण १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने दोन हजारची नोट चलनातून मागे घेत असल्याचं सांगितलं तेव्हा त्याच दमात हेही सांगितलं की नोट कायदेशीर चलन म्हणून चालूच राहील. ते तुमचं डेप्रिकेटेड. आणि आठवून बघा, तेव्हाही वर्तमानपत्रांपासून रिक्षावाल्यांपर्यंत बहुतेकांनी 'दोन हजारची नोट बंद' असंच म्हटलं. म्हणजे घोळ तुमच्या पोरापुरता नाही, सगळ्यांचाच तसा होतो.

रंकाळा:
'नोटिशीवर' म्हणा की. नोकरीत नोटीस पिरियडवर माणूस असतोय तसं. कामाला येतोय, पगार घेतोय, पण नवीन काम कुणी देत न्हाई त्याला 😄

कोडगा:
@रंकाळा हे भारी आहे. आणि नोटीस पिरियडला तारीख असते, जँगोतही असते. वॉर्निंगचं नावच बघा, ३.१-३.२ मध्ये जी वॉर्निंग यायची तिच्या क्लासचं नाव 'रिमूव्ह्ड इन जँगो फॉर्टी वॉर्निंग'. ४.० मध्ये काढलं जाईल, एवढंच. त्यांनी स्वतः नावात डेप्रिकेटेड घातलेलं नाही, कधी काढणार ते घातलंय. मग मराठीत सरळ '४.० मध्ये निघणार' लिहा, विषय संपला.

जुना_जुळारी:
विषय संपला नाही, आत्ता सुरू झाला. मी छापखान्यातला माणूस, खिळे जुळवण्यापासून डीटीपीपर्यंत सगळं केलंय, कॉम्प्युटरच्या आतलं मला कळत नाही. पण '४.० मध्ये निघणार' हे वाचून मी काय समजेन सांगू? ४.० मध्ये हे नवीन येणार. आमच्याकडे दिवाळी अंक निघतो, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते, पेपरची पुरवणी निघते. निघणे म्हणजे बाहेर पडणे, लोकांच्या हातात येणे. आणि त्याच छापखान्यात प्रुफावर 'ही ओळ निघाली' म्हटलं की ती ओळ उडाली. शब्द एकच, एकीकडे जन्म आणि एकीकडे कात्री.

'काढणे'चंही तेच. अंक काढला म्हणजे छापला. परिच्छेद काढला म्हणजे वगळला. ऐकताना घोटाळा होत नाही कारण समोर माणूस असतो, कागदावर होतो.

कोडगा:
आईशप्पथ. "५.० मध्ये निघालेली फीचर्स" हे वाक्य मी गेल्या महिन्यात टीमच्या ग्रुपवर टाकलं होतं 🤦 आणि एकाने विचारलं होतं की डीबी_डिफॉल्ट का काढलं, चांगलं होतं की. (ते ५.० मध्ये नवीन आलंय, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डीफॉल्ट किंमत आता डेटाबेसलाच ठरवू देता येते.) मला वाटलं त्याला झोप आली असेल.

पाटीपेन्सिल:
बापरे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या नोट्समध्ये तर धड्यांची नावंच आहेत 'या आवृत्तीत काय निघालं'. एकदम सगळं तपासायला लागणार.

जुळारीकाका, छापखान्यात मग यासाठी काय म्हणायचात?

जुना_जुळारी:
वगळलं. नाहीतर गाळलं. पण ते झाल्यावरचे शब्द झाले. 'पुढच्या आवृत्तीत वगळणार आहोत, आत्ता वाचून घ्या' असं पुस्तकाला कोण सांगतं? आमच्याकडे आपलं शुद्धिपत्र, ते सगळं घडून गेल्यावर चिकटवायचं.

एक मात्र विचारतो. आम्ही आवृत्ती आणि मुद्रण वेगळं धरतो. मजकूर तोच, नुसता परत छापला तर पुनर्मुद्रण, सुधारला-वाढवला तर नवी आवृत्ती. प्रकाशक लोक जाहिरातीला पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणतात तो भाग वेगळा. तुमच्यात हे ५.२ आणि ५.२.१ असतं त्यात काही असा फरक आहे का?

कोडगा:
आहे ना काका. साधारण दर आठ महिन्यांनी येतात ५.०, ५.१, ५.२ अशा, त्यात नवीन गोष्टी असतात. ५.२.१ वगैरे म्हणजे चुका आणि सुरक्षेची छिद्रं बुजवलेली. म्हणजे तुमचं शुद्धिपत्र आतच छापून घेतलेलं पुनर्मुद्रण म्हणा. आणि ५.२ ही लांब पल्ल्याची, एलटीएस, एप्रिल २०२५ मध्ये आली, तिला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळणार. ताईंची ३.२ पण एलटीएसच, तिची मुदत एप्रिल २०२४ ला संपली. जुन्या आवृत्तीचं पान उघडलं तर वरच ठळक पट्टी येते, ही आवृत्ती असुरक्षित आहे, आता सांभाळली जात नाही, वर जा.

शुद्धमती:
मूळ प्रश्नाकडे येते. 'नोटिशीवर' मला आवडलं पण त्यात फंक्शनने काहीतरी गुन्हा केल्याचा वास येतो. तत्सम शब्दांच्या मागे न लागता साधी क्रियापदं घ्या. पुण्यात 'गुरुवारी पाणी जाणार' म्हटलं की काय होतं? बुधवारी पाणी असतं. नळ सोडला तर धो धो येतं. पण कोणी बुधवारी 'येतंय की' म्हणून निवांत बसत नाही, बादल्या-पिंपं भरायला घेतो. 'जाणार' या एका शब्दात आज आहे, उद्या नाही आणि तयारी करा, हे तिन्ही येतं. लाइटचंही तेच, 'दहा वाजता लाइट जाणार'. आणि गेली की 'लाइट गेली'.

मग नोट्समध्ये चारच खुणा ठेवा: आलं, बदललं, जाणार, गेलं. 'निघालं' अजिबात नको.

रंकाळा:
'गेलं' म्हणजे कसं वाटतंय, सकाळी फोन आल्यासारखं. "यूगेटटेक्स्ट गेले, कधी, काल रात्री"

कोडगा:
😂 यूगेटटेक्स्ट (साइटवरच्या मजकुराचं भाषांतर आणून देणारं फंक्शन) खरंच गेले. ३.० पासून जाणार होते, ४.० ला गेले. पायथन २ च्या काळातले, तो यू युनिकोडचा. २.० ने डिसेंबर २०१७ मध्ये पायथन २ सोडलं, त्यानंतर त्या यूला काही कामच उरलं नव्हतं.

शुद्धमतीबाई, चार खुणा एकदम पटल्या. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्येही साधारण असंच आहे, स्फिंक्स नावाच्या साधनात लिहितात ते, 'व्हर्जन ॲडेड' आणि 'व्हर्जन चेंज्ड' अशा खुणा असतात आणि वाचणाऱ्याला 'न्यू इन जँगो ५.२' असं दिसतं. पण गंमत म्हणजे त्या खुणा कायमच्या नसतात. पुढचं चक्र सुरू झालं की जुन्या आवृत्तीच्या 'नवीन'च्या पाट्या बसून काढून टाकतात, दर वेळी.

शुद्धमती:
हे आपल्याकडे कोणी केलं असतं तर नवी पेठेची पाटी कधीच उतरली असती.

पाटीपेन्सिल:
मी तर अजून 'नवीन: पाथ()' ठेवलंय, ते २.० चं आहे. म्हणजे नव्या पोरांना वाटत असेल की पाथ() कालपरवा आलंय. काढते. (म्हणजे वगळते. हा शब्द आता तोंडातून निघताना भीती वाटायला लागलीय. 'निघताना'सुद्धा.)

अजून एक छोटं विचारून घेते. 'डॉक्युमेंटेशन'ला दस्तऐवजीकरण सगळीकडे दिसतं, मला ते घशाखाली उतरत नाही.

शुद्धमती:
दस्त फारसी, म्हणजे हात. दस्तऐवज म्हणजे ज्याला धरून राहता येईल असा लेखी आधार, म्हणून आपल्याकडे तो शब्द खरेदीखत, गहाणखत यांच्याकडे गेला. दस्त नोंदवायला आपण दुय्यम निबंधकाकडे जातो, रांगेत उभं राहून अंगठा देतो. फंक्शन कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानाला हा शब्द म्हणजे घरच्या भाजीला सरकारी शिक्का. 'माहिती' म्हणा, 'मार्गदर्शिका' म्हणा, 'नोट्स' काय वाईट आहे.

आणि कृपा करून 'अद्यावत' लिहू नका. अद्य अधिक यावत्, आजपर्यंत, म्हणून अद्ययावत. दोन य. वर कोणी लिहिलेलं नाही पण लिहिणार हे मला माहीत आहे.

कोडगा:
लिहिणार होतो.

शब्दांवरून आठवलं, जँगोवाल्यांनी २०१४ मध्ये डेटाबेसच्या 'मास्टर-स्लेव्ह'चं (मुख्य डेटाबेस आणि त्याच्या प्रती) आधी 'लीडर-फॉलोअर' केलं आणि मग 'प्रायमरी-रेप्लिका'. काम तेच, मजकूर तेवढा बदलला, आणि केवढा वाद झाला होता. मराठीत मूळ आणि नक्कल म्हटलं तर? सातबाराची नक्कल काढतो तशी.

आणि लिहिणाऱ्यांसाठी त्यांचा एक नियम मला फार आवडतो, की 'सोपं', 'फक्त', 'नुसतं' असे काम हलकं भासवणारे शब्द टाळा, कारण वाचणाऱ्याला ते सोपं जाईलच असं नाही. आपण किती सहज म्हणतो, "काही नाही रे, नुसतं मायग्रेट मार" (मॉडेलमधले बदल डेटाबेसमध्ये उतरवणारी कमांड). तो बिचारा तीन तास नुसतं मायग्रेट मारत बसतो.

रंकाळा:
नक्कल नको. आमच्यात नक्कल म्हणजे चिडवणं.

पाटीपेन्सिल:
@कोडगा माझ्या नोट्समध्ये 'फक्त' शोधलं. एकतीस निघाले. (निघाले = सापडले. तिसरा अर्थ! जुळारीकाका बघा.)

बरं, चार खुणा लावून एक पान तयार केलंय, एक ओळ इथे टाकते, बघा जमतंय का:

"लॉगआउट व्ह्यूवर गेट रिक्वेस्टने जाणं ४.१ पासून जाणार, ५.० मध्ये गेलं."

जुना_जुळारी:
जाणं गेलं?

रंकाळा:
जाणं जाणार आणि मग गेलं. गाणं झालंय ताई.

पाटीपेन्सिल:
😭 थांबा.

"साध्या लिंकवर क्लिक करून लॉगआउट: जाणार (४.१ पासून), गेलं (५.०). लिंकच्या जागी फॉर्म आणि बटण टाका, पोस्ट रिक्वेस्ट जायला हवी."

कोडगा:
हां, हे बरोबर. 'सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे पटवणारी खूण) विसरू नका' एवढं जोडा, नाहीतर पोरगं पेन्सिलीने लिहील, 'चालत नाही की'.