सल्ला हवा: कधीच न बनलेल्या गाडीचं किट करायचंय, कोणती गाडी घेऊ?

पत्र्याची_मोटार

आठ-नऊ वर्षं प्लास्टिकची किट्स जोडतोय. बहुतेक १/७२ ची (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी) विमानं, थोड्या १/२४ च्या गाड्या, सगळं खोक्यातून निघालं तसंच. आता मनात वेगळंच घोळतंय. जे वाहन कधी कारखान्याबाहेर पडलंच नाही, त्याचं किट निघालं असतं तर कसं असतं? नुसतं मॉडेल नको, अख्खं किट हवं. खोक्यावरचं चित्र, सूचनापत्रक, स्प्रूवरचे (भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवरचे) क्रमांक टाकलेले भाग, डेकल्स म्हणजे चिकटवायची चित्रं-अक्षरं. एकच नग, स्वतःसाठी.

दोन नावं मनात आहेत. एक फोर्डची न्यूक्लिऑन, १९५८ ची अणुशक्तीवर चालणाऱ्या मोटारीची कल्पना. दुसरं अमेरिकन डिझायनर नॉर्मन बेल गेडीस यांचं १९२९ चं अवाढव्य प्रवासी विमान, एअरलायनर नंबर ४. यातलं कोणतं घेऊ, स्केल कुठलं धरू आणि आधी हात कशाला घालू? असं काम केलेल्यांनी सविस्तर लिहा, वाचायला वेळ आहे.

सँडपेपर_४००

'न बनलेलं' यातही फरक आहे, तो आधी बघा. ब्रिटनचं टीएसआर-२ हे लढाऊ विमान सप्टेंबर १९६४ मध्ये उडालं आणि एप्रिल १९६५ मध्ये प्रकल्प बंद झाला. कॅनडाच्या अ‍ॅव्हरो अ‍ॅरोची पाच विमानं उडाली, मग १९५९ मध्ये सगळंच गुंडाळलं. या दोन्हींचे फोटो आहेत, आराखडे आहेत, बाजारात किट्सही येऊन गेली. तिथे कल्पनेला फारसा वाव नाही, नीट मोजमाप केलं की झालं. जर्मन अभियंता लिपिशचं कोळशावर चालणारं पी-१३ए विमान मात्र कागदावरच राहिलं, चाचणीसाठी फक्त एक ग्लायडर झालं. तुम्हाला जे हवंय ते या दुसऱ्या गटात सापडेल.

बेल गेडीसचं विमान मला फार आवडतं, तरी पहिल्याच कामाला घेऊ नका. पंखांचा विस्तार ५२८ फूट, म्हणजे १६१ मीटर. १/१४४ मध्येसुद्धा ते सव्वाअकराशे मिलिमीटरच्या आसपास जातं. जहाजांचं १/७०० घेतलं तर २३ सेंटिमीटरवर येतं, पण ४५१ प्रवाशांच्या खिडक्या सुईच्या टोकाएवढ्या होतात आणि ज्यासाठी ते बनवायचं, तो आतला थाटच दिसत नाही. न्यूक्लिऑन घ्या.

मधली_फळी

न्यूक्लिऑनला माझंही मत. चालणारी गाडी कधी झालीच नाही, फोर्डनं ३/८ आकाराचं मॉडेल तेवढं केलं. आत काय असावं, हे ठरवायचं काम तुमच्यासाठीच शिल्लक राहिलंय.

स्केल १/२५ घ्या, १/२४ नको. अमेरिकन गाड्यांची त्या काळची किट्स १/२५ मध्ये आहेत, त्यामुळे चाकं, दिवे, सीट, स्टीअरिंग असं सगळं उसनं घेता येतं.

आता मापं. लांबी सुमारे ५.०९ मीटर, उंची १.०५, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) फक्त १.७५. म्हणजे १/२५ मध्ये गाडी २० सेंटिमीटर लांब, जेमतेम ४२ मिलिमीटर उंच आणि दोन चाकांमध्ये ७० मिलिमीटर. त्या काळच्या मोठ्या मोटारीचा व्हीलबेस तीन मीटरच्या आसपास असायचा, म्हणून तयार चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) इथे उपयोगाची नाही. ती कापून जोडण्यापेक्षा स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्यांची नवी करा.

बॉडीला हात लावण्याआधी एक माणूस करा, आणि या बाबतीत मी हट्टी आहे. पावणेदोन मीटरचा माणूस १/२५ मध्ये ७० मिलिमीटरचा होतो. बसलेल्या माणसाचं डोकं बैठकीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर असतं, म्हणजे ३६ मिलिमीटर. गाडी ४२ ची. उरलेल्या सहा मिलिमीटरमध्ये जमिनीपासूनचं अंतर, फरशी, गादी आणि छप्पर बसवायचंय! बसत नाही. मग एकतर सीट बरीच मागे रेलवावी लागेल किंवा फरशी खाली घ्यावी लागेल. तुम्ही यातलं काय निवडता त्यावरून दारं, स्टीअरिंगचा कोन, काचेचा उतार हे सगळं ठरत जाईल. मी एकदा या पायरीवर घाई केली होती. पुढे सगळं रंगवून झाल्यावर चालक बसेना, आणि ते मॉडेल आजही रिकामंच आहे.

निळा_प्राइमर

मापांचं पटलं. पण 'खरं कसं असतं' या विचारात अडकून पडू नका. टेस्टर्स या किट कंपनीनं १९८६ मध्ये १/४८ चं एफ-१९ स्टेल्थ फायटर (रडारला न दिसणारं लढाऊ विमान) काढलं. खरं विमान गुप्त होतं, त्यांनी तर्कानं बांधलं. गोलाई असलेलं, गुळगुळीत अंग, आतल्या बाजूला झुकलेले शेपटीचे पंख. ते धडाधड खपलं आणि अमेरिकी काँग्रेसमध्येही त्यावर चर्चा झाली. नोव्हेंबर १९८८ मध्ये खरं विमान, एफ-११७, जगासमोर आलं, तर ते सपाट पैलूंचं, कोनाकोनांचं. अंदाज साफ चुकला होता. तरी ते किट आजही लोक आवडीनं बांधतात. मला त्याचं कारण एकच दिसतं: प्रत्येक वळणामागे कुणीतरी विचार केलेला दिसतो. रडारचा किरण कुठे जाईल, एंजिनची ऊब कुठे लपेल.

न्यूक्लिऑनला तोच विचार लावा. अणुभट्टीच्या उष्णतेनं वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. मग त्या वाफेचं परत पाणी कुठे होणार? छपराच्या पुढच्या कडेला आणि छपराच्या खांबांच्या बुडाशी हवा घेणारी तोंडं मूळ मॉडेलवर आहेतच. त्यांच्या मागे रेडिएटरची जाळी बसवा. बाहेरून नीट दिसणार नाही, पण सूचनापत्रकात तो भाग असेल आणि जोडणाऱ्याला गाडी कळेल.

पत्र्याची_मोटार

माणसाचा हिशेब वाचून लगेच कागदावर काढून बघितला. खरंच बसत नाही, चालक जवळजवळ आडवा पडतो. मला ते आवडलं.

गाडीच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये बसणाऱ्या अणुभट्टीच्या कॅप्सूलचं काय करू? चिकटवून टाकू की सुटी ठेवू? आणि पुढची गुंडाळलेली काच कशी करायची?

जुनं_खोकं

सुटीच ठेवा! मूळ कल्पनाच ती होती. सुमारे ८,००० किलोमीटर चालल्यावर स्टेशनवर जाऊन कॅप्सूल बदलायची, आणि चालकाला हवी तेवढ्या ताकदीची निवडायची. म्हणजे किटमध्ये दोन-तीन वेगळ्या कॅप्सूल हव्यात.

यावरून सुचलं. १९५८ पासून एएमटी या अमेरिकन कंपनीची 'थ्री इन वन' किट्स यायची, एकाच खोक्यातून कारखान्यातली, सजवलेली किंवा शर्यतीची गाडी करता यायची. तुमचं किट १९५९ चं समजा आणि तसंच करा. साध्या गाडीला छोटी कॅप्सूल, शर्यतीच्या गाडीला सगळ्यात मोठी. डेकलमध्ये शर्यतीचे नंबर, आणि कॅप्सूलवर लावायला इशाऱ्याची चिन्हं. खोक्यावरचं चित्र मी तरी सगळ्यात आधी काढेन. कोणत्या कोनातून गाडी देखणी दिसते ते तिथेच समजतं आणि मेहनत कुठे घालायची ते ठरतं.

आणि किट आधी, गाडी नंतर असंही घडलंय. डिझायनर टॉम डॅनियल यांनी मोनोग्राम या किट कंपनीसाठी रेड बॅरन या गाडीचं किट काढलं, छपराच्या जागी जर्मन शिरस्त्राण असलेलं. ते इतकं गाजलं की नंतर पूर्ण आकाराची खरी गाडी बांधली गेली.

मधली_फळी

काचेसाठी: बॉडीचा साचा हलक्या लाकडाचा करा, घोटून प्राइमर (रंगाआधीचा थर) मारा, पुन्हा घोटा. काचेचा भाग त्याच साच्यावर पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकची शीट गरम करून ओढा. साच्यावरचा बारीकसा ओरखडाही काचेत उमटतो, म्हणून हा भाग बॉडीपेक्षा जास्त घोटायचा. चार-पाच काचा वाया जातील असं धरूनच शीट आणा. काच आधी काढून घ्या, बॉडी तिच्या कडेला जुळवा. उलटं केलं की फट राहते आणि पुटी भरताना पारदर्शक भाग डागाळतो. काच चिकटवायला सुपरग्लू वापरू नका, वाफेनं ती पांढुरकी होते.

पत्र्याची_मोटार

ठरलं. न्यूक्लिऑन, १/२५, १९५९ चं 'थ्री इन वन'. काल रात्री तारेवर पुटी थापून ७० मिलिमीटरचा माणूस केला आणि बसवून पाहिला. सीट इतकी रेलवली की त्याचे गुडघे पुढच्या चाकांच्या कमानींना लागतायत. म्हणजे पेडल मधोमध घ्यावी लागतील, आणि मग चालकही मध्येच बसेल. तीन जणांची गाडी, चालक मधोमध, दोघे जरा मागे. तिघांचा आराखडा काढून रविवारी इथे टाकतो. मागच्या दोघांचे पाय कुठे जातील ते अजून सुटलेलं नाही, तिथे तुमची मदत लागेल.