दीपनगरच्या कोळशाची जागा अणुवीज घेऊ शकेल का?

प्रश्न (यावल):
आमची केळीची बाग आहे. मे महिन्यातील उष्ण वाऱ्यांनी पाने करपतात आणि तयार होत आलेले घड सटकतात. हवामानबदलाने ही झळ वाढत जाणार असताना भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रात मात्र कोळसा जळतोच आहे, आणि त्याच विजेवर आमचे पंप चालतात, ही गोष्ट मनाला लागून राहते. कोळसा हटवायचा असेल तर अणुऊर्जा अपरिहार्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (भुसावळ):
भाऊ, वीजनिर्मितीत माझी नोकरी झाली, म्हणून लिहितो. हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या 2014 च्या अहवालानुसार, खाणकाम आणि बांधकामापासूनचे सारे उत्सर्जन धरले तरी अणुविजेच्या एका युनिटमागे साधारण 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. कोळशाचा तोच आकडा 820 आहे. शिवाय अणुभट्टी रात्रंदिवस सारख्या भाराने चालते. आपल्याच तापीवर, गुजरातेत उकाई धरणाच्या खालच्या अंगाला, काकरापारला 700 मेगावॅटचे दोन स्वदेशी संच उभे आहेत. त्यांतील पहिल्याचे बांधकाम 2010 मध्ये सुरू झाले आणि व्यावसायिक वीजनिर्मिती 2023 मध्ये. हा कालावधी फार मोठा आहे, हे मान्यच करावे लागेल.

उत्तर (साक्री):
काकांचे आकडे योग्य आहेत, पण मला पाण्याची काळजी वाटते. कोळशाच्या आधुनिक संचांपेक्षा अणुभट्टीत उष्णतेचे विजेत रूपांतर कमी प्रमाणात होते, त्यामुळे तितक्याच विजेसाठी तिला थंड करायला अधिक पाणी लागते. काकरापारला वरच्या बाजूस उकाईचा विशाल जलाशय आहे. आपल्याकडे तापीवरच्या हतनूर धरणात गाळ साचलेला, आणि त्याच पाण्यावर शेती, गावे व दीपनगर अवलंबून. आमच्या तालुक्यात सौरप्रकल्प आहेत, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांना असे पाणी लागत नाही आणि त्या दोन-तीन वर्षांत उभ्या राहतात. शेतीपंपांना दिवसा वीज मिळाली, तर रात्रीची गरजही बरीच घटेल.

उत्तर (भुसावळ):
पाण्याचा मुद्दा मला पूर्ण पटतो. म्हणूनच अणुभट्टी खानदेशात नको, समुद्रकाठीच हवी, असे माझे मत आहे. तारापूर 1969 पासून समुद्राच्याच पाण्यावर चालत आले आहे, आणि वीज तर वाहिन्यांतून कोठेही आणता येते. मात्र सूर्य मावळल्यावर शहरे, कारखाने आणि रेल्वे यांना लागणारी वीज केवळ पंपांचे वेळापत्रक बदलून भागणार नाही. तिच्यासाठी आज आपण कोळसाच जाळतो.