इटलीतल्या अब्रुत्झोच्या डोंगरात घर बघायला एकच दिवस आहे, काय तपासायचं?

पार्लेकर_पूर्व:
सुल्मोनाच्या आसपास जुनं दगडी घर बघतोय. बजेट 40 हजार युरो. आम्ही दोघं मुंबईत, इटलीचा रहिवास परवाना नाही. एजंटने एका दिवसात पाच घरं लावलीत आणि म्हणतो, आवडलं की तिथेच ‘प्रोपोस्ता’वर (खरेदीच्या लेखी प्रस्तावावर) सही करा. घरात शिरल्यावर नेमकं काय बघू? पैसे कधी द्यायचे?

ओळंबा:
पाच होणार नाहीत, तीनच ठेवा. घाटरस्त्यांत वेळ जातो, आणि घाईत बघितलेल्या घराचं फक्त खिडकीतलं दृश्य लक्षात राहतं.

आधी बाहेरून एक फेरी मारा. भिंतीवर लोखंडी ताटल्या किंवा पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका. आतून टाय रॉड घालून समोरासमोरच्या भिंती बांधल्यात. चीर मात्र नीट वाचा. खाली बारीक आणि वर रुंद होत गेली असेल तर भिंत बाहेर झुकतेय. ओळंबा सोडून बघा, एजंट हसला तरी.

मग टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन माळ्यावर. तुळई मधोमध ठणठणीत असते, कुजते ती भिंतीत शिरते तिथे. टोक टोचून बघा; मऊ लागलं की बदलायचा खर्च धरा. लाकडी छप्पर काढून आरसीसी स्लॅब टाकलेला असेल तर मी पुढेच जाणार नाही. जुन्या दगडी भिंतींवर एवढं वजन भूकंपात घातक ठरतं. 2009 चा लाक्विलाचा भूकंप तिथून फार लांबचा नाही.

खालच्या मीटरभरात सिमेंट प्लास्टर फुगलंय का तेही बघा. दगडातली ओल त्यामागे कोंडते. तिथे चुन्याचंच प्लास्टर हवं. आणि गाडी दारापर्यंत जाते का? नाहीतर रेतीच्या प्रत्येक गोणीची हमाली वेगळी.

कागद_आधी:
त्याच्याही आधी एक प्रश्न. परवाना नसलेल्या भारतीयाला खरेदी करता येते की नाही, हे दोन देशांमधल्या परस्पर सवलतीवर ठरतं. विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी नोतायोकडून (खरेदीखत करणारा तिथला नोटरी) लेखी उत्तर घ्या. इटलीत घर असलं म्हणून व्हिसा मिळत नाही, हेही धरून चाला.

‘प्रोपोस्ता’ म्हणजे घ्यायची इच्छा कळवणारं नुसतं पत्र नव्हे. मालकाने ती स्वीकारून तुम्हाला कळवली की तुम्ही बांधले गेलात. नंतर माघार घेतलीत तर ‘कापार्रा’ (बयाणा) म्हणून दिलेली रक्कम जाते. मालकाने घेतली तर दुप्पट परत. म्हणून कागदपत्रं ठीक निघाली तरच लागू, अशी अट त्यातच लिहून घ्या. तिथल्या तिथे सही नकोच.

विझूरा, म्हणजे सरकारी मिळकत नोंदीचा उतारा, आपल्या सातबारासारखा समजा, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. नोतायो नोंदणी दप्तर तपासतो. वारस सहा असतील तर सह्याही सहा. प्लानिमेत्रीया, म्हणजे नोंदलेला नकाशा, हातात घेऊन खोल्या जुळवा. वाढवलेलं बाथरूम नकाशात नसेल तर खरेदीखत अडतं. ‘घर 1 सप्टेंबर 1967 पूर्वीचं आहे’ हे ऐकून समाधान मानू नका, त्यानंतरच्या बदलांना परवानगी होती का ते जेओमेत्राला (मोजणी आणि बांधकाम कागद बघणारा तिथला तंत्रज्ञ) विचारा.

चर्चगेट_लोकल:
पैशाचं. एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला 2,50,000 डॉलर पाठवता येतात. आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकतो. दोघांची नावं लावलीत तर दोघांच्या खात्यांतून पाठवा. इटलीत दुसऱ्या घरावर (जिथे तुम्ही कायम राहणार नाही) नोंदणी कर 9 टक्के, किमान 1,000 युरो. खाजगी विक्रेत्याकडून निवासी घर घेताना तो सरकारी नोंदीतल्या मूल्यावर लावून घेता येतो, त्यामुळे बरेचदा हलका पडतो. दलाली वेगळी, तिच्यावर 22 टक्के व्हॅट. कोदिचे फिस्काले (इटलीतला कर क्रमांक) आधीच काढून ठेवा. पुढल्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) विसरू नका.

पार्लेकर_पूर्व:
एका घरामागे ऑलिव्हचा तुकडाही आहे. तो बरोबर घ्यावा का?

कागद_आधी:
शेतजमीन म्हणून नोंद असेल तर शेजारी कसणाऱ्या शेतकऱ्याचा पहिला हक्क लागू शकतो. त्याला रीतसर नोटीस गेली नाही तर खरेदी नोंदल्यापासून वर्षभरात तो ती जमीन त्याच किमतीत मागू शकतो. त्याचा लेखी नकार आधी, कापार्रा नंतर.