थंडीच्या कपड्यांच्या आवाहनाला उत्तर, आणि एक प्रश्न

प्रेषक: डर्बीकर

नमस्कार मंडळी,
हॉटेलात ठेवलेल्या निर्वासितांसाठी कपडे गोळा करायला माझी ना नाही. दोन जॅकेटं देतो. पण फ्रान्समध्ये काय वाईट आहे, हे कोणी सांगेल का? जीव धोक्यात घालून रबरी होडीतून इकडे ब्रिटनलाच कशाला यायचं? सरकारी भत्त्यासाठीच ना? आपण मात्र व्हिसाच्या फिया भरून भरून टेकीला आलो.

प्रेषक: काकू, लेस्टर

डर्बीकर, फीबद्दलचा राग मान्य. भत्त्याचं पटत नाही. स्वतः रांधून खाणाऱ्याला 2024 पासून आठवड्याला 49.18 पौंड, आणि हॉटेलात जेवण मिळत असेल तर त्याहून पुष्कळच कमी. वर्षभर काम करायची मुभा नाही, नंतरही ठरावीक कामांचीच. त्यात 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी फ्रान्समध्ये आश्रयासाठी आपल्यापेक्षा जास्त अर्ज पडले. तिथे थांबणारेच जास्त आहेत, आपल्याला दिसतात ते पुढे आलेले. कुणाचा चुलतभाऊ बर्मिंगहॅमला असतो, कुणाला मोडकंतोडकं इंग्रजी येत असतं. गृहखात्यानेच स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांकडून 65 जणांच्या मुलाखती घेऊन 2002 साली अहवाल काढला होता. भत्त्याचे नियम त्यातल्या बहुतेकांना धड ठाऊकही नव्हते. बऱ्याच जणांचा देश तर दलालानेच ठरवला होता.

आमच्या लेस्टरचंच बघा. 1972 साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं, तेव्हा आमच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की तुमच्याच हितासाठी लेस्टरला येऊ नका! सरकारी पुनर्वसन मंडळाने गावांचे लाल (इथे जाऊ नका) आणि हिरवे (इथे जा) असे भाग पाडले, लेस्टर लाल. तरी लोक तात्पुरत्या मुक्कामाच्या लष्करी छावण्यांतून निघाले ते थेट आमच्या बेलग्रेव्ह रोडवर. केनियाहून आधी आलेले मेहुणे, साडू तिथे होते, होजियरीच्या कारखान्यांत बायकांनाही काम मिळत होतं, घरं स्वस्त होती. जाहिरात वाचूनच आम्हाला लेस्टर हे नाव कळलं, असं हसत सांगणारे इथे अजून भेटतात.

प्रेषक: माजी खजिनदार, लाफबरो

काकू, युगांडाहून आलेल्या बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. ते कुठेही राहायला मोकळे होते. आजच्यांची गोष्ट वेगळी. 1999 च्या कायद्यानंतर सरकारी निवारा हवा असेल तर सरकार धाडेल त्या गावी जायचं, तेही अनेक वर्षं लंडन सोडून जिथे घरं स्वस्त तिथे. म्हणून डर्बी, स्टोक, मिडल्सब्रो. तिथे आपलं माणूस आहे का, मशीद किंवा चर्च आहे का, हे कोण विचारतो?

भत्त्याच्या मुद्द्यावर मला पटणारा दाखला सोमालींचा. 2000 च्या आसपास नेदरलँड्समधून हजारो सोमाली लेस्टरला आले. त्यांना तिकडे आश्रय मिळालेला, पुढे डच पासपोर्टही, आणि डच भत्ते काही वाईट नव्हते. पण त्यांना लहान लहान गावांत विखरून ठेवलेलं. मुलांसाठी इंग्रजी शाळा हवी होती, स्वतःचं दुकान टाकायचं होतं, शेजारी चार आपली माणसं हवी होती. पहिले काही आले आणि त्यांनी बाकीच्यांना फोन केले. आपल्यातले किती जण ‘मिल्टन कीन्सला मित्र होता’ म्हणून तिथे गेले, ते आठवा.

प्रेषक: डर्बीकर

सोमालींचं माहीत नव्हतं. फ्रान्सचा प्रश्न माझ्या मनात अजून आहे, कारण सगळ्यांचेच चुलतभाऊ इथे नसणार. पण भत्त्याचं मागे घेतो. जॅकेटं कुठे आणू?

प्रेषक: कार्यवाह

शनिवारी दुपारी हॉलवर. एक विनंती: गाद्या, टीव्ही, मोठी भांडी आणू नका. आश्रय मंजूर झाला की काही आठवड्यांत त्यांना ती सरकारी जागा सोडावी लागते, आणि पुष्कळ जण तेव्हा ओळखीच्या माणसाकडे लंडनला किंवा बर्मिंगहॅमला निघतात. गेल्या खेपेला सामान काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरून गेले. माळ्यावर चाकांच्या जुन्या बॅगा पडून असतील तर त्या जरूर आणा.