पार्ल्यातील तळमजल्यावरच्या घरासाठी जनरेटर घ्यावा का?

तळमजला_पार्ले यांचा प्रश्न

नमस्कार. विलेपार्ले पूर्वेला एका जुन्या तीन मजली इमारतीत आम्ही तळमजल्यावर राहतो. फुप्फुसांच्या विकारामुळे माझ्या वडिलांना दिवसाचा बराच वेळ आणि रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (खोलीतील हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र) लावावा लागतो. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर प्रवाह ठरवून दिला आहे. आमच्याकडे वीज सहसा जात नाही, पण गेल्या पावसाळ्यात गल्लीतील जमिनीखालच्या केबलच्या जोडात पाणी शिरले आणि रस्ता खणून दोष सापडेपर्यंत नऊ तास काळोखात काढावे लागले. घरातील जुन्या इन्व्हर्टरने दोन तासांतच मान टाकली आणि पहाटे अडीच वाजता वडिलांना टॅक्सीने रुग्णालयात हलवावे लागले.

त्यानंतर एका विक्रेत्याने घर पाहून ५ केव्हीएचा, म्हणजे ढोबळमानाने चार-पाच हजार वॅट क्षमतेचा, डिझेल जनरेटर सुचवला. तो मागच्या मोकळ्या जागेत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवायचा आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून एसीच्या पॉइंटला जोडायची, म्हणजे सगळे घर चालेल, असे त्याचे म्हणणे आहे. कॉन्सन्ट्रेटरवर ३५० वॅट लिहिलेले आहे. त्याशिवाय फ्रिज, तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर एवढे चालले तरी पुरे; एसीचा आग्रह नाही. एवढ्यासाठी ५ केव्हीए लागतो का, आणि त्याने सांगितलेली जोडणी योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

परवानाधारक_दादर यांचे उत्तर

जोडणीबद्दल आधी लिहितो, कारण ती माणसाच्या जिवावर बेतणारी आहे. दोन्हीकडे प्लग असलेली वायर सॉकेटमध्ये खोचली की जनरेटरची वीज आपल्या घरापुरती राहत नाही. मेन स्विच बंद करायचा राहिला, तर ती मीटरमधून उलटी रस्त्यावरच्या केबलमध्ये जाते आणि लाइन बंद करून खड्ड्यात उतरलेल्या कामगाराला तिचा धक्का बसू शकतो. गल्लीतला पुरवठा अचानक परत आला, तर दोन्ही विजा एकमेकींवर आदळून जनरेटरही जळतो. शिवाय त्या वायरचे एक टोक सॉकेटमधून निसटले, तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. जो विक्रेता ही युक्ती सुचवतो, त्याच्याकडून बाकीचा सल्लाही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

योग्य मार्ग चेंजओव्हर स्विचचा, म्हणजे बाहेरचा पुरवठा आणि जनरेटर यांपैकी एका वेळी एकच घराला जोडणाऱ्या स्विचचा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा, म्हणजे दोन पोलचा असावा, आणि त्याच्या पुढे केवळ अत्यावश्यक उपकरणांसाठी लहान वेगळा डीबी (वीज वाटून देणारी स्विचची पेटी) बसवावा. त्यामुळे जनरेटर चालू असताना कोणी सवयीने गीझर लावला, तरी तो चालणारच नाही. लहान पोर्टेबल जनरेटरचे न्यूट्रल पुष्कळदा अर्थला जोडलेले नसते, आणि तसे असेल तर जमिनीकडे वीज गळाली तरी डीबीतील आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडत नाही. म्हणून अर्थिंगचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि शेवटी टेस्ट बटणावर न थांबता त्याच्याकडून चाचणीच्या उपकरणाने खात्री करून घ्यावी.

आता क्षमतेचे पाहू. कॉन्सन्ट्रेटर ३५०, फ्रिज साधारण १५०, जुन्या पद्धतीचे तीन पंखे २२५, दिवे आणि राउटर मिळून ५०, म्हणजे चालू लोड सुमारे ७७५ वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज खेचतो, ते धरूनही २ केव्हीए पुरेसा आहे. ५ केव्हीएचा आकडा एसी मनात धरून काढलेला दिसतो. डिझेल इंजीन सतत क्षमतेच्या एक तृतीयांशाहूनही कमी लोडवर चालवले, तर इंधन पूर्ण जळत नाही आणि आत काजळी साचत जाते; तेव्हा ‘मोठा घेतलेला बरा’ हा न्याय येथे लागू पडत नाही.

जागेबाबत मला खरी शंका आहे. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला ना रंग ना वास. धूर सोडण्याची जागा आपल्याच नव्हे, तर शेजाऱ्यांच्याही दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर असावी. खिडकीखाली जनरेटर आणि आत फुप्फुसांचा रुग्ण, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढून घेतो. आधी टेप घेऊन अंतर मोजा आणि मग पुढचे ठरवा.

मुलुंडकर यांचे उत्तर

माझे बैठे घर आहे आणि भोवती पुरेशी जागा आहे, म्हणून मी २ केव्हीएचा पेट्रोलवर चालणारा इन्व्हर्टर जनरेटर घेतला. त्यातून निघणारी वीज बारीक इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या उपकरणांना मानवते, हा त्याचा मोठा गुण. मात्र यंत्र विकत घेतले म्हणजे सोय झाली, हा माझा समज १२ ऑक्टोबर २०२० रोजी उतरला. त्या सकाळी उच्चदाब वाहिन्यांवरील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि मी मोठ्या ऐटीत जनरेटरची दोरी ओढू लागलो. चाळीस वेळा ओढली असेल. तळहाताला फोड आले, पण यंत्र ढिम्म. आठ महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल शिळे झाले होते आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये डिंकासारखा थर बसला होता.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो वीस मिनिटे पंखे आणि फ्रिज लावून चालवतो. बंद करताना इंधनाचा कॉक आधी बंद करतो आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून यंत्र आपोआप थांबू देतो. अर्ध्या लोडवर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल लागते, म्हणजे नऊ तासांच्या रात्रीसाठी सहा-सात लिटर हवे. एवढे पेट्रोल इमारतीतल्या बंद घरात, देवघरातील निरांजन आणि स्वयंपाकघरातील शेगडी यांच्यामध्ये ठेवण्याची कल्पना मला तरी सहन होत नाही.

सोसायटी_गोरेगाव यांचे उत्तर

आमच्या सोसायटीचा डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, २६ जुलै २००५ रोजी तळघरात होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि विजेची सर्वाधिक गरज होती तेव्हा आमचा सेट पाण्याखाली होता. आपले घर तळमजल्याचे असल्याने जनरेटर असो वा बॅटरी, दोन्ही उंच चौथऱ्यावर ठेवावीत. शिवाय मागची मोकळी जागा आपली नसून सोसायटीची आहे. कमिटीच्या लेखी संमतीविना तेथे काहीही बसवू नये. निवासी भागात रात्रीची आवाजमर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी एका रात्रीनंतर गप्प बसेल, पण दुसऱ्या रात्री नक्की बसणार नाही.

गिरगावची_लेक यांचे उत्तर

मी तीन वर्षे आईसाठी हेच सारे केले आहे. घरात बी टाइपचा एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर ठेवा. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे २ लिटरच्या प्रवाहाने बारा तास निघतात, आणि त्याला वीज लागतच नाही. तो भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवावा, शेगडीपासून आणि निरांजनापासून दूर असावा, आणि त्याच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला तेलाचा हात कधीही लागू देऊ नये. त्याची चावी मी नाडीने सिलिंडरच्याच गळ्यात बांधून ठेवत असे, कारण पहिल्या प्रसंगी ती शोधण्यात आमची दहा मिनिटे गेली होती. कोणत्या आकड्यावर प्रवाह ठेवायचा आणि रेग्युलेटर कसा लावायचा, हे डॉक्टरांना किंवा पुरवठादाराला घरी बोलावून दिवसाउजेडी दोनदा करून पाहा.

तळमजला_पार्ले

सर्वांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन मोजले. मागची जागा कुंपणाच्या भिंतीपर्यंत जेमतेम ३ मीटर भरली, आणि शेजारच्या इमारतीतील एका खोलीची खिडकी तिच्या अगदी समोर उघडते. तेव्हा जनरेटरचा विचार सोडला आणि विक्रेत्याला तसे कळवले.

आता २४ व्होल्टचा साइन वेव्ह इन्व्हर्टर (बाहेरच्या पुरवठ्यासारखीच वीज देणारा) आणि १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या १२ व्होल्टच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या असा बेत आहे. कागदावर त्या ३६०० वॅट-अवर होतात, पण नुकसान वजा जाता सुमारे २३०० हाती लागतील असे धरले आहे. फ्रिज या जोडणीतून वगळून कॉन्सन्ट्रेटर, एक पंखा आणि दोन दिवे एवढाच साडेचारशे वॅटचा लोड ठेवला, तर पाच तास मिळावेत. पुढची मदार सिलिंडरवर राहील. तो शुक्रवारी येत आहे. बॅटऱ्यांसाठी गवंडी दोन फूट उंच ओटा बांधून देणार आहे.

परवानाधारक_दादर

निर्णय योग्य वाटतो. दोन गोष्टी पाहा. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, म्हणून तो ओटा वडिलांच्या खोलीत न बांधता हवेशीर गॅलरीत, पावसाच्या झोताला आडोसा करून बांधा. आणि पूर्ण उतरलेल्या बॅटऱ्या भरायला दहा-बारा तास लागतात. एका रात्री वीज गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गेली, तर पाच तासांचा हिशेब धरू नका, सिलिंडर लवकर लावा. कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरच्या ज्या सॉकेटला लावाल, त्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवा; घरात पाहुणे आले की पहिले मोबाइल चार्जर तेथेच लागतात.